‘त्याला काय कळतंय?’ : तान्ह्या बाळाची वेदना, त्याचा मेंदू आणि आपण

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय. ट्रेनमध्ये रेंज नसेल तर वाचा, घरी पोचल्यावर ऐका.)



आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. ना मोबाइल, ना नोकरी, ना एआय. आज तान्ह्या बाळाच्या दुखण्याबद्दल बोलायचंय. दुखणं म्हणजे आजारपण नाही, वेदना. सुई टोचली की होते ती.

तुमच्यापैकी बरेच जण पंचविशी-तिशीतले आहात. कुणाची बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय, कुणाच्या वहिनीचे दिवस भरत आलेत, कुणी स्वतःच बाबा व्हायच्या बेतात आहे. त्यामुळे हा भाग आज नाही तर सहा महिन्यांनी उपयोगी पडेल, पण पडेल नक्की.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. लोणेऱ्याहून बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरात एक बाळ कमी दिवसांचं झालं, तेव्हापासून या विषयावर वाचत गेलो. जे पक्कं कळलं तेवढंच सांगणार. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, माझा नाही.

तर, एक वाक्य आहे. तुम्ही ते शंभर टक्के ऐकलंय. ‘त्याला काय कळतंय?’

बारशाच्या आसपास सोनार कान टोचायला येतो, बाळ किंचाळतं, आणि कुणीतरी म्हणतं, ‘आत्ताच टोचून घ्या, त्याला काय कळतंय.’ उपकेंद्रात इंजेक्शन देताना हेच. आमच्याकडे रायगडच्या किनाऱ्यावर एखादी आजी ठसक्यात म्हणेल, ‘त्याला काय कलतंय गो, इसरंल दोन घटकंत.’ आजीच्या मनात वाईट काहीच नसतं, ती आईला धीर देत असते.

पण हे वाक्य फक्त आजीचं नाही. जगातल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत, शिकलेले डॉक्टर हेच मानत होते. आणि तेही पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत नव्हे, १९८० च्या दशकापर्यंत!

डॉक्टरांनाही वाटायचं, बाळाला कळत नाही

१९४१ साली अमेरिकेत मर्टल मॅग्रॉ नावाच्या संशोधक बाईंनी लहान बाळांना टाचणीने हलकं टोचून त्यांची प्रतिक्रिया नोंदवली. अगदी नवीन जन्मलेली काही बाळं फारशी प्रतिक्रिया देत नाहीत असं त्यांना दिसलं. त्यावरून निष्कर्ष निघाला की बाळाच्या मेंदूचा वरचा थर अजून तयार नसतो, म्हणून वेदना त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ही समजूत पुढे कितीतरी वर्षं टिकली.

त्यात दुसरी भीतीही होती. भूल आणि वेदनाशामक औषधं इतक्या लहान जिवाला झेपतील का, श्वास बंद पडला तर काय? ही भीती खोटी नव्हती, तेव्हाची औषधं आणि यंत्रं खरंच तितकी चांगली नव्हती. मग सोपा मार्ग काढला गेला. बाळ हलू नये म्हणून स्नायू ढिले पाडणारं औषध द्यायचं आणि ऑपरेशन करायचं. म्हणजे बाळ हलू शकत नाही, रडू शकत नाही, पण जाणीव शाबूत.

१९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन नावाचं बाळ जन्मलं. वेळेच्या खूप आधी. आईच्या पोटात असताना हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडी असते, ती जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी. त्याची झाली नाही, म्हणून ऑपरेशन केलं. बाळ काही आठवड्यांनी गेलं. त्यानंतर त्याच्या आईला, जिल लॉसन यांना, कळलं की ऑपरेशनच्या वेळी त्याला फक्त स्नायू ढिले करणारं औषध दिलं होतं, वेदनेसाठी काहीच नाही. तिने विचारलं तेव्हा उत्तर आलं ते आपल्या आजीच्याच वाक्याचं इंग्रजी भाषांतर होतं, एवढ्या लहान बाळाला वेदना होते असं सिद्ध झालेलं नाही. ती बाई गप्प बसली नाही. पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांकडे गेली. १९८६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने ही गोष्ट छापली आणि अमेरिकेतल्या आईबापांना पहिल्यांदा कळलं की हे असं चालतं.

आणि आता आपल्याकडची बाजू. त्याच काळात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला एक तरुण डॉक्टर याच प्रश्नावर काम करत होता. कन्वलजीत सिंग आनंद. शिकलेला कुठे? होळकरांच्या इंदूरला, महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजमध्ये. ऑपरेशनहून परत आलेल्या बाळांची अवस्था वाईट का असते, हा त्याचा प्रश्न. त्याने आणि सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. ऑपरेशन तेच, हृदयाजवळची ती रक्तवाहिनी बंद करण्याचं. एका गटाला नेहमीच्या पद्धतीबरोबर फेंटानिल नावाचं तीव्र वेदनाशामक, दुसऱ्याला फक्त नेहमीची पद्धत. ज्यांना वेदनाशामक मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली आणि ऑपरेशननंतर गुंतागुंतही जास्त झाली. एकूण बाळं फक्त १६. पण १९८७ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि चर्चेची दिशाच बदलली. भूल दिली तर बाळ दगावेल अशी भीती होती, आणि इथे दिसत होतं की न दिल्यानेच बाळ जास्त खचतंय. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की नवजात बाळालाही ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला हवी.

१९८७! राजीव गांधी पंतप्रधान होते, आपले आईबाबा शाळा-कॉलेजात होते. इतकी अलीकडची गोष्ट आहे ही.

बाळाला कमी नाही, जास्त दुखतं

आता ‘कसं’ ते बघू. मी इंजिनिअर असल्यामुळे मला हा भाग सगळ्यात रोचक वाटला.

टाचेला सुई टोचली की संदेश पायाच्या नसेतून मज्जारज्जूत जातो आणि तिथून वर मेंदूत. ही वर जाणारी लाइन बाळात जन्माच्या बऱ्याच आधी चालू झालेली असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की २५ आठवड्यांच्या बाळातसुद्धा टाच टोचली की मेंदूच्या वरच्या थरातला रक्तपुरवठा बदलतो. म्हणजे निरोप वरपर्यंत पोचतो.

पण आपल्या शरीरात आणखी एक लाइन असते, वरून खाली येणारी. मेंदू मज्जारज्जूला सांगतो, ‘बरं बरं, कळलं, आता आवाज कमी कर.’ तुमचा गुडघा आपटला की आधी जीव जातो आणि मग हळूहळू दुखणं मंदावतं, त्यात या लाइनचा मोठा वाटा आहे. ही लाइन बाळात खूप उशिरा, जन्मानंतर पक्की होते. म्हणजे ऍक्सिलरेटर आहे, ब्रेक अजून बसवायचाय.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १० नवजात बाळं आणि १० मोठी माणसं यांचा एमआरआय काढताना पायाला हलकं टोचून बघितलं, बाळाची झोपही मोडणार नाही इतकं हलकं. मोठ्यांच्या मेंदूचे जे २० भाग वेदनेला प्रतिसाद देतात, त्यातले १८ बाळांतही जागे झाले. आणि बाळांना जेवढ्या जोराने टोचलं, त्याच्या चौपट जोराने मोठ्यांना टोचल्यावर तसा प्रतिसाद येत होता.

मग काही बाळं रडत का नाहीत? कमी दिवसांचं, अशक्त बाळ थकलेलं असतं. रडायलाही ताकद लागते. त्यामुळे डॉक्टर-सिस्टर वेदना मोजताना फक्त रडण्यावर जात नाहीत. भुवया आवळल्या आहेत का, डोळे घट्ट मिटले आहेत का, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडलीय का, हृदयाचे ठोके वाढले का, रक्तातला ऑक्सिजन उतरला का, हे बघतात. हे तुम्हीही लक्षात ठेवा. गप्प पडून राहिलेलं बाळ म्हणजे सुखात असलेलं बाळ, असं नेहमीच नसतं.

पण विसरतं ना?

हो, आठवण म्हणून विसरतं. ‘चौथ्या दिवशी मला सुई टोचली’ असं कुणालाच आठवत नाही. पण शरीर लक्षात ठेवतं.

लंडनच्याच मारिया फिट्झगेराल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की रक्त काढण्यासाठी बाळाची एक टाच वारंवार टोचली की ती दुसऱ्या टाचेपेक्षा जास्त हळवी होते. आणि तिथे बधिर करणारं मलम लावत राहिलं की तो हळवेपणा उतरतो.

कॅनडात टोरांटोला १९९७ मध्ये आणखी एक अभ्यास झाला. जन्मल्यानंतर लगेच सुंता झालेली मुलगे आणि न झालेली मुलगे, यांना चार-सहा महिन्यांनी लस देताना कोण किती रडतं ते पाहिलं. मलम न लावता सुंता झालेली मुलं जास्त रडली. बधिर करणारं मलम लावून ज्यांची झाली, त्यांची प्रतिक्रिया त्यांच्यापेक्षा कमी होती. म्हणजे पहिल्या आठवड्यातली वेदना सहा महिन्यांनी दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच सुईला दिसत होती.

आणि मेंदू? व्हँकुव्हरच्या रूथ ग्रुनाऊ यांच्या गटाने फार कमी दिवसांच्या बाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये लिहिलं की ज्या बाळांच्या त्वचेला जास्त वेळा टोचलं गेलं, त्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाची, म्हणजे वायरिंगची, वाढ तेवढी चांगली झालेली नव्हती.

इथे आपला नेहमीचा प्रश्न विचारायला हवा. जे बाळ जास्त आजारी, त्यालाच जास्त सुया लागतात. मग मेंदूवर परिणाम आजाराचा की सुयांचा? संशोधकांनी आजारपणाचा हिशेब गणितात धरूनही संबंध शिल्लक राहिला. तरी ‘संबंध’ म्हणजे शंभर टक्के ‘कारण’ नाही, आणि एकेका बाळाचं भविष्य यावरून सांगता येत नाही. ज्यांचं बाळ पेटीत होतं असे आईबाबा ऐकत असतील, तर त्यांना मुद्दाम सांगतो, घाबरू नका. त्या सुयांनीच बाळ वाचलंय. शिवाय याच विषयातली दुसरी बाजू खूप आशेची आहे, तिकडे येतोच.

किती सुया म्हणाल, तर पॅरिस आणि आसपासच्या अतिदक्षता विभागांतल्या ४३० बाळांची मोजणी २००८ मध्ये छापून आली. पहिल्या १४ दिवसांत एका बाळामागे दिवसाला साधारण १० वेदनादायक गोष्टी. सुया, नळ्या, चिकटपट्ट्या ओढणं, सगळं धरून. आणि एकूण प्रक्रियांपैकी जवळपास ८० टक्के वेळा वेदनेसाठी खास असं काहीच दिलेलं नव्हतं. हे पॅरिसमधलं चित्र.

आमच्या किनाऱ्यावर

आता रायगडात येऊ. मुरूडहून अलिबाग साधारण पन्नास किलोमीटर. श्रीवर्धन-म्हसळ्याहून तर त्याहून बरंच लांब, वळणं, चढ-उतार, पावसाळ्यात विचारूच नका. आजारी बाळ आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून माणगाव किंवा अलिबाग, तिथून गरज पडली तर मुंबई. बरं, हे हलवणं वाईट नाही, १०२ आणि १०८ च्या गाड्यांनी कितीतरी बाळं वाचवलीत. पण प्रत्येक टप्प्यावर नवीन टीम, पुन्हा रक्त, पुन्हा सलाईनची सुई. बाळाची शीर केसाएवढी, पहिल्या प्रयत्नात सापडेलच असं नाही. आधीच्या ठिकाणी कितीदा टोचलंय, हे पुढच्या ठिकाणी कुणालाच माहीत नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग पुढे जातच नाही.

माझ्या बहिणीचं बाळ तेहतिसाव्या आठवड्यात झालं. दोन हॉस्पिटलं झाली, १८ दिवस. नावं घेत नाही, दोन्हीकडच्या लोकांनी जीव तोडून काम केलं. मला मामा म्हणून करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी फोनमध्ये नोंद ठेवायला लागलो. तारीख, वेळ, कशासाठी टोचलं. आम्हाला कळलेल्या टोचण्या ४१. न कळलेल्या वेगळ्या.

पहिल्या ठिकाणी ताईने विचारलं, ‘सुई लावताना मी त्याला धरू का?’ उत्तर आलं, ‘बाहेर थांबा, त्याला काय कळतंय.’ दुसऱ्या ठिकाणी एक सिस्टर स्वतःहून म्हणाल्या, ‘ताई, रक्त घ्यायचंय, आधी दहा मिनिटं त्याला उघड्या छातीवर घ्या, मग मी टाच टोचते.’ तीच टाच, तशीच सुई. बाळाने तोंड वाकडं केलं, एकदा कुरकुरलं, आणि पुन्हा आईच्या अंगावर निजलं. आधीच्या वेळी तो निळा पडेस्तोवर रडायचा.

एका बाळावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला माहितीय. पण त्या सिस्टरनी जे केलं, ते आज जगातल्या सगळ्यात जास्त तपासून बघितलेल्या उपायांपैकी एक आहे.

काय चालतं, काय नाही

पहिली गोष्ट, नुसतं जोरदार औषध हे उत्तर नाही. कृत्रिम श्वासावर असलेल्या ८९८ कमी दिवसांच्या बाळांवर मॉर्फिनचा मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. सगळ्यांना सरसकट मॉर्फिन चालू ठेवल्याने मेंदूतला रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, आणि काहींचं रक्तदाब उतरण्याचं प्रमाण वाढलं. या अभ्यासाचे प्रमुख कोण होते माहितीय? तेच, इंदूरचे आनंद. ज्या माणसाने ‘बाळाला वेदनाशामक द्या’ म्हणून जगाला हलवलं, त्यानेच सरसकट औषध द्यायचं का हेही तपासलं. मला हे फार आवडलं. ऑपरेशनला भूल हवीच, पण रोजच्या टोचण्यांसाठी वेगळा उपाय लागतो.

दुसरी गोष्ट, साखरेचं द्रावण. हॉस्पिटलात मोजून दोन-चार थेंब जिभेवर देतात, बाळ कमी रडतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण २०१० मध्ये लंडनच्या गटाने मेंदूतले संकेत मोजले, तर साखर दिली तरी ते कमी झालेले नव्हते. त्यामुळे रडणं थांबलं म्हणजे वेदना थांबली का, यावर वाद आहे. आणि एक गोष्ट ठासून सांगतो, हे ऐकून घरी साखरपाणी किंवा मध चाटवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

तिसरी गोष्ट, आईची छाती. बाळ उघडं, आईची छाती उघडी, वरून पांघरूण. कांगारू मदर केअर. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियाच्या बोगोटा शहरात हे सुरू झालं, कारण पेट्या पुरत नव्हत्या. म्हणजे जुगाडच! नंतर लक्षात आलं की हा जुगाड कितीतरी बाबतीत पेटीपेक्षा सरस आहे. भारतासह पाच देशांतल्या हॉस्पिटलांत ३,२११ बाळांवर अभ्यास झाला, आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग होतं. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या अंगावर ठेवलं तर पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ ची गोष्ट.

वेदनेच्या बाबतीत, टोचण्याआधी, टोचताना आणि नंतर बाळ आईच्या अंगावर असेल तर त्याची प्रतिक्रिया कमी होते. स्तनपान चालू असताना टोचलं तरीही तेच. आई नसेल तर बाबाही चालतात, मंडळी. छाती लागते, बाकी अट नाही.

आणि टिकाऊ परिणाम म्हणाल, तर हा भाग नीट ऐका. इस्राएलच्या रूथ फेल्डमन यांनी कमी दिवसांच्या ७३ बाळांना दोन आठवडे रोज तासभर आईच्या अंगावर ठेवलं, आणि तशाच ७३ बाळांना नेहमीसारखं पेटीत. मग दहा वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. दहाव्या वर्षी पहिल्या गटातल्या मुलांची झोप जास्त चांगली होती, ताण आला तर शरीर लवकर सावरत होतं. चौदा दिवस, रोज एक तास. सुरुवातीच्या वेदनेचा ठसा दूरवर जातो, तसाच सुरुवातीच्या स्पर्शाचाही जातो.

घरातले चटके

हॉस्पिटलात आईला धरू द्या म्हणायचं आणि घरी आपणच दुखवायचं, असं नको. म्हणून घरातलंही बोलू.

२०२५ च्या फेब्रुवारीत मेळघाटातल्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे ६५ चटके दिल्याची बातमी आली होती. तिकडे याला ‘डंबा’ म्हणतात, पोट फुगलं, श्वास लागला की देतात. आपण बातमी वाचून म्हणतो, ‘अरे, काय ही माणसं!’ पण आपल्या कोकणात, देशावर पोटावर बिब्ब्याचा डाग दिलेली माणसं शोधायला लांब जायला नको, घरातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना विचारा. आणि त्या आईच्या मनात दुष्टपणा नसतो. दवाखाना लांब, बाळ कण्हतंय, समोर ओळखीचा माणूस सांगतोय. तिला शिव्या देऊन काही होत नाही, तिच्यापर्यंत गाडी आणि डॉक्टर पोचायला हवेत. पण डाग म्हणजे उपचार नाही, भाजणं आहे. पोट फुगलेलं, दूध न ओढणारं, धाप लागलेलं बाळ बघितलं तर डाग नाही, दवाखाना. आशाताईंना फोन करा, त्या वाट दाखवतील.

मग मालिश. हलक्या हाताची मालिश छानच. पण न्हाऊ घालणाऱ्या मावशी कधीकधी नाक ओढतात, सांधे कडाकडा वाजवतात, बाळाच्या छातीतला चीक पिळून काढतात. त्या चिकाला हात लावायचा नसतो, तो आईच्या संप्रेरकांमुळे येतो आणि आपोआप जातो. पिळल्याने गळू होऊ शकतं. ‘बाळ रडलं की फुफ्फुसं मोकळी होतात’ म्हणून रडवायची गरज नाही.

आणि कान टोचणं. करू नका असं म्हणत नाही, आपली रीत आहे. बाराव्या दिवशीच कशाला, एवढंच म्हणणं. बाळाचं वजन वाढू दे, पहिल्या लसी होऊ देत, मग बाळाच्या डॉक्टरांना विचारून निर्जंतुक सुईने टोचा, अंगावर दूध पाजता पाजता. कान सोनारानेच टोचावे म्हणतात, इथला सोनार म्हणजे तुमचे बालरोगतज्ज्ञ.

लसीच्या दिवशी

इथे गैरसमज नको. टोचणं वाईट म्हणून लस टाळायची, असं अजिबात नाही. लस द्यायचीच. जन्मल्यावर बीसीजी आणि हिपॅटायटिस-बी, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, सगळं वेळेवर. प्रश्न फक्त ‘कशी’ एवढाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१५ मध्ये सांगितलंय की लस देताना बाळ आईच्या कुशीत असावं, अंगावर पाजणं चालू असावं किंवा नुकतंच झालेलं असावं, आणि एकाहून जास्त इंजेक्शनं असतील तर सगळ्यात जास्त दुखणारं शेवटी द्यावं.

याला पैसे लागत नाहीत. फक्त दोन मिनिटं जास्त लागतात. नर्सबाईंसमोर चाळीस बाळांची रांग असते, त्यांनाही समजून घ्या. म्हणून आपण आधीच तयारीने जायचं. बाळाला थोडी भूक असू द्या, आईने पुढून उघडणारे कपडे घाला, आपला नंबर यायच्या आधीच बाळ अंगावर घ्या.

आणि बाळ एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात असेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, की आईवडिलांना हात धुऊन, नीट शिकवून बाळाच्या देखभालीत सामील करून घ्यावं. म्हणजे तुम्ही आत जायला मागताय ते उपकार मागत नाही आहात. हे भांडून सांगायचं नाही. शांतपणे विचारायचं.

काय विचारायचं, तेवढं सांगतो आणि थांबतो. हवं तर स्क्रीनशॉट काढा.

एक, ‘सिस्टर, टोचताना मी बाळाला अंगावर धरू का, किंवा पाजू का?’

दोन, ‘ते शक्य नसेल तर त्याचं डोकं आणि पाय दोन्ही हातांनी कुशीसारखे धरून ठेवू का?’ कपड्यात हलकं गुंडाळणंही मदत करतं.

तीन, ‘दोन-तीन तपासण्यांचं रक्त एकाच वेळी काढता येईल का?’ बऱ्याचदा येतं. न टोचलेली सुई सगळ्यात कमी दुखते.

चार, ‘ऑपरेशन असेल तर भूल कोण देणार आणि नंतर दुखू नये म्हणून काय देणार?’ हे सहीच्या आधी विचारा.

पाच, दुसरीकडे हलवताना, ‘आतापर्यंत काय काय तपासलं, त्याचे रिपोर्ट सोबत मिळतील का?’ म्हणजे तेच रक्त पुन्हा काढायला नको.

सगळ्याला ‘हो’ मिळेल असं नाही. बाळ गंभीर असेल तर डॉक्टरांना सेकंद मोजून काम करावं लागतं, तेव्हा बाजूला व्हायचं. पण बाकी दहांतल्या आठ वेळा दोन मिनिटं असतात. ती मागायला कुणीतरी हवं, कारण बाळ मागू शकत नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘त्याला काय कळतंय’, तर वाद घालू नका. बाळाला उचलून त्याच्या आईच्या कुशीत द्या.

हा भाग तुमच्या ओळखीत ज्यांच्याकडे पाळणा हलणार आहे, त्यांना पाठवा. फॅमिली ग्रुपवर टाकलात तर आजीलाही ऐकवा, त्या काय म्हणतात ते मला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या, मंडळी.